साखर कारखान्याचे डेटाबेस जॉब २००८ आर२ वरून २०२२ वर: काय उचलून न्यायचं, काय नव्याने लिहायचं?

गव्हाण

नमस्कार मंडळी. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. आमचा एस्क्यूएल सर्व्हर २००८ आर२ आता बंद करायचाय. मायक्रोसॉफ्टचा त्याला असलेला नेहमीचा आधार ९ जुलै २०१९ लाच संपला. आम्ही मात्र हंगामामागून हंगाम त्याच्यावरच काढले. आता नवीन मशीन आलंय आणि त्यावर २०२२ स्टॅण्डर्ड एडिशन बसवलंय.

डेटाबेस नेण्याचा प्रश्न सुटला आहे. बॅकअप तिकडे रिस्टोअर झाला, ऊस नोंदी, वजनपावत्या, बिलं सगळं जागेवर दिसतंय. अडलंय ते जॉबपाशी, म्हणजे सर्व्हरने ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांपाशी.

रात्रीचा फुल बॅकअप, दर १५ मिनिटांनी लॉग बॅकअप (मधल्या बदलांचा), रविवारी इंडेक्स रिबिल्ड (शोधसूच्या नव्याने बांधणं), त्याच्यामागोमाग श्रिंक (डेटाबेसची फाईल लहान करणं), जुन्या फायली काढणं, हे सगळं एका मेन्टेनन्स प्लॅनमध्ये, म्हणजे देखभालीच्या पायऱ्यांच्या आराखड्यात आहे. त्याशिवाय वजनकाट्याच्या मशीनवरून फायली ओढणारा एक जॉब आहे, त्यात अ‍ॅक्टिव्हएक्स स्क्रिप्टची पायरी आहे. ऊस बिल जमा झाल्याचे एसएमएस पाठवणारा आणखी एक. हे सगळं ज्यांनी उभं केलं ते साहेब केव्हाच निवृत्त झाले, आणि लिहून ठेवलेलं काही नाही.

एमएसडीबी, म्हणजे जॉब जिथे साठवलेले असतात त्या सिस्टिम डेटाबेसचाच बॅकअप नव्या मशीनवर रिस्टोअर करून पाहिला. सर्व्हरने ३१६८ नंबरची चूक देऊन नकार दिला. आता पुढे काय? हंगाम तोंडावर आलाय. उसाचं बिल ऊस दिल्यापासून १४ दिवसांत द्यायचं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वजनाच्या नोंदी गेल्या तर शेतकऱ्याला काय तोंड दाखवायचं?

---

रात्रपाळी

३१६८ आली ते बरंच झालं. एमएसडीबी, मास्टर ही सिस्टिम डेटाबेस मंडळी एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत रिस्टोअर होत नाहीत, आणि तो रस्ता शोधूही नका. २००८ आर२ वर थेट २०२२ चं अपग्रेड चढवायची सोयही नाही. २०२२ ला किमान २०१२ लागतं. म्हणजे तुम्ही धरलेला मार्ग, नवीन मशीन शेजारी उभं करून डेटाबेस रिस्टोअर करायचा, हाच योग्य आहे.

आता जॉबचं. आधी तुमच्याकडे दोन जातींचे जॉब आहेत हे ओळखा.

एक जात साध्या एजंट जॉबची; एजंट म्हणजे जॉब वेळेवर चालवणारी सर्व्हरची सेवा. पायरीत टी-एसक्यूएल किंवा कमांड लिहिलेली असते. हे मॅनेजमेंट स्टुडिओतून स्क्रिप्ट करून नव्या सर्व्हरवर चालवले की तयार होतात.

दुसरी जात मेन्टेनन्स प्लॅनची. एजंटमध्ये दिसणारा तो जॉब म्हणजे नुसती चावी, गाडी वेगळीच उभी आहे. खरं काम एका एसएसआयएस (इंटिग्रेशन सर्व्हिसेस) पॅकेजमध्ये असतं, आणि ते पॅकेज एमएसडीबीच्या आत साठवलेलं असतं. तुम्ही जॉब स्क्रिप्ट करून नेला तर चावी जाते, पॅकेज मागेच राहतं. जॉब यादीत दिसतो, शेड्यूल दिसतं, आणि रात्री पॅकेज सापडलं नाही म्हणून पडतो.

मग लोक काय करतात, इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधून ते पॅकेज एक्स्पोर्ट करून नव्या मशीनवर इम्पोर्ट करतात. इथे फार जपा. पॅकेजच्या आत ‘लोकल सर्व्हर कनेक्शन’ नावाचं कनेक्शन असतं. नाव लोकल, पण आत जुन्या सर्व्हरचं नाव पक्कं लिहिलेलं असतं, आणि डिझायनरमधून ते सरळ बदलताही येत नाही. जुनं मशीन अजून चालू असेल तर नव्या सर्व्हरवरचा जॉब इमानेइतबारे जुन्या सर्व्हरशी जोडला जातो, तिथल्या डेटाबेसचा बॅकअप घेतो आणि यशस्वी झाल्याची हिरवी खूण दाखवतो. नव्या मशीनवरचा डेटाबेस, ज्यात आजची वजनं पडताहेत, त्याचा बॅकअप कुणीच घेत नसतो.

हे पकडायचं असेल तर हिरव्या खुणेवर विसंबू नका. नव्या सर्व्हरच्या एमएसडीबीतलं बॅकअपसेट टेबल उघडा. आज रात्रीची ओळ तिथे नसेल तर बॅकअप इथे झालेलाच नाही, जॉब काहीही म्हणो.

माझं स्पष्ट मत: मेन्टेनन्स प्लॅन उचलून नेऊ नका. प्रत्येक पायरीची सेटिंग कागदावर उतरवा आणि नव्या सर्व्हरवर नव्याने उभं करा. ते करताना ‘ही पायरी इथे का आहे’ हे विचारा. तुमच्या यादीतली एक पायरी तर अजिबात न्यायची नाही, तिच्यावर सविस्तर लिहितो थोड्या वेळाने.

---

मांडवीतीर

रात्रपाळींनी सांगितलेलं तंतोतंत खरं. पणजीत एका कार्यालयाचं असंच स्थलांतर जवळून पाहिलं आहे, तिथली एक वेगळी अडचण सांगतो.

बॅकअप नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये जात होता. जुन्या सर्व्हरवर एसक्यूएलची सेवा एका डोमेन खात्यावर चालायची, आणि त्या खात्याला शेअरवर लिहायचा हक्क होता. नव्या सर्व्हरवर इन्स्टॉल करताना मूळचं व्हर्च्युअल खातं तसंच राहिलं. ते खातं नेटवर्कवर जाताना मशीनच्या नावाने जातं, नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असलेलं कम्प्युटर खातं. शेअरला त्याची ओळखच नाही. परिणाम, ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, अ‍ॅक्सेस नाकारला.

आणखी एक. फोल्डर तुम्ही स्वतःच्या लॉगिनने उघडून बघता, उघडतो, म्हणून समाधान मानता. बॅकअप तुम्ही घेत नाही, सेवेचं खातं घेतं. तपासायचं ते त्याच्या हक्कांनी.

---

सदाफुली

गव्हाण, अ‍ॅक्टिव्हएक्सच्या पायरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. एजंटमधली अ‍ॅक्टिव्हएक्स सबसिस्टिम २०१६ पासून काढून टाकली आहे, त्यामुळे ती पायरी तशी चालणार नाही. पॉवरशेलमध्ये नव्याने लिहावी लागेल.

वजनकाट्याच्या फायली कुठल्या प्रकारच्या आहेत? डीबीएफ असतील, म्हणजे काट्याचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमधलं असेल, तर आधीच सावध करते. फॉक्सप्रोचा ओएलई डीबी प्रोव्हायडर, म्हणजे त्या फायली वाचून देणारा जोडप्रोग्रॅम, फक्त ३२ बिटचा आहे, आणि २०१६ पासून एसक्यूएल सर्व्हर फक्त ६४ बिटमध्ये येतो. जुन्या मशीनवर लिंक्ड सर्व्हरने (एसक्यूएलमधूनच बाहेरचा डेटा वाचायच्या जोडणीने) डीबीएफ वाचत असाल तर ते तिथेच थांबणार.

---

गव्हाण

सदाफुली ताई, डीबीएफच आहेत. अगदी लिंक्ड सर्व्हरनेच वाचतोय. आता?

---

सदाफुली

काट्याच्या सॉफ्टवेअरमधून मजकुराची फाईल, स्वल्पविराम लावलेली, बाहेर काढता येते का ते त्या विक्रेत्याला विचारा. येत असेल तर बल्क इन्सर्टने उचलणं सगळ्यात सरळ. येत नसेल तर डीबीएफ वाचणारी छोटी ३२ बिटची पॉवरशेल स्क्रिप्ट काट्याच्याच मशीनवर विंडोजच्या टास्क शेड्युलरने चालवा आणि तिने मजकुराची फाईल बनवून ठेवावी. सर्व्हरने फक्त ती उचलायची.

एक मात्र करा. फाईल उचलून झाली की ती लगेच पुसू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि हंगामभर ठेवा. किती पावत्या फाईलमध्ये होत्या आणि किती टेबलात पडल्या याचा रोजचा ताळा लावणारी एक पायरी जॉबच्या शेवटी घाला. शेतकरी पावती घेऊन काउंटरवर उभा राहतो तेव्हा आपल्याला तीच फाईल उपयोगी पडते.

---

रात्रपाळी

आता श्रिंकबद्दल.

रविवारी आधी इंडेक्स रिबिल्ड आणि मग श्रिंक. जुन्या सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी हीच जोडी बघायला मिळते, आणि ती एकमेकांचं केलेलं पुसते. रिबिल्ड इंडेक्सची पानं नीट क्रमाने लावतो. श्रिंक फाईलच्या शेवटची पानं उचलून पुढे मोकळ्या जागेत टाकतो, क्रमाचा विचार न करता. रात्रभर लावलेली रचना तासाभरात विस्कटते. वर पुढच्या आठवड्यात रिबिल्डला जागा लागते म्हणून फाईल पुन्हा वाढते. डिस्कला फुकटचे हेलपाटे. ही पायरी नव्या सर्व्हरवर नकोच.

दुसरं, रिबिल्डनंतर ‘अपडेट स्टॅटिस्टिक्स’ची पायरी आहे का बघा. स्टॅटिस्टिक्स म्हणजे टेबलातल्या माहितीचा गोषवारा, त्यावरून सर्व्हर क्वेरी कशी चालवायची ते ठरवतो. रिबिल्ड त्या इंडेक्सची स्टॅटिस्टिक्स सगळ्या ओळी वाचून करतोच. त्यावर कुणी नमुना घेऊन पुन्हा स्टॅटिस्टिक्स काढली तर चांगली माहिती जाऊन कमी प्रतीची बसते. जी स्टॅटिस्टिक्स इंडेक्सची नाहीत, फक्त कॉलमची आहेत, त्यांच्यापुरतीच ती पायरी ठेवा.

तिसरं तुमच्या धंद्याचं. हंगामात काटा रात्रंदिवस चालतो, बरोबर? स्टॅण्डर्ड एडिशनमध्ये ऑनलाइन, म्हणजे टेबल वापरात ठेवून, रिबिल्ड होत नाही. वजनपावत्यांच्या टेबलावर रिबिल्ड चालू असताना ट्रॅक्टर काट्यावर उभा असेल तर पावती निघणार नाही, मागे रांग लागेल. म्हणून हंगामात रिबिल्ड बंद. रिऑर्गनाइझ, म्हणजे इंडेक्स नव्याने न बांधता आहे तोच सावरणं, कुठल्याही एडिशनमध्ये ऑनलाइन चालतं आणि मध्ये थांबवलं तरी झालेलं काम वाया जात नाही. हंगामात रिऑर्गनाइझ आणि स्टॅटिस्टिक्स, पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, रिबिल्ड. दोन वेगळी शेड्यूल करून ठेवा.

---

कोरा_कागद

मी या क्षेत्रात नवीन आहे, म्हणून विचारतो. स्टॅटिस्टिक्स तर सर्व्हर आपोआप करतो ना? मग जॉब कशाला?

---

रात्रपाळी

करतो, पण कधी करतो ते बघा. जुना हिशेब असा: टेबलातल्या २० टक्के अधिक ५०० ओळी बदलल्या की स्टॅटिस्टिक्स शिळी धरायची. १ कोटी ओळींच्या टेबलात म्हणजे २० लाख ५०० ओळी बदलेपर्यंत सर्व्हर हलत नाही. २०१६ मध्ये, कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कुठल्या आवृत्तीच्या नियमांनी चालतो तो आकडा) १३० पासून, हिशेब बदलला. ओळींना १००० ने गुणून त्याचं वर्गमूळ, आणि जुन्या-नव्यातला जो आकडा लहान तो. त्याच १ कोटीच्या टेबलात आता १ लाख ओळी बदलल्या की पुरे.

पण गव्हाणांनी डेटाबेस २००८ आर२ मधून आणलाय, त्यामुळे त्याची लेव्हल १०० वरच आहे. सर्व्हर २०२२ असला तरी डेटाबेस स्वतःहून वर चढत नाही, तुम्ही सांगेपर्यंत जुन्याच हिशेबाने चालतो. म्हणून जॉब हवा.

आणि आताच घाईने लेव्हल १६० करू नका. १२० पासून पुढे ओळींचा अंदाज बांधायची पद्धतच वेगळी आहे. काही क्वेरी पळतील, एखादी बिलाची क्वेरी झोपेल. क्वेरी स्टोअर, म्हणजे क्वेरी कशा आणि किती वेळात चालल्या याची नोंद ठेवणारी सोय, चालू करा. २०२२ मध्ये नव्या डेटाबेसला ते आपोआप चालू असतं, रिस्टोअर केलेल्याला नाही, हाताने करावं लागतं. हंगाम १०० वरच काढा, बिलाचे सगळे प्रकार त्यात नोंदले जाऊ द्या. बंद हंगामात लेव्हल वाढवा आणि कुठली क्वेरी मंदावली ते त्या नोंदींशी ताडून बघा. मंदावलेल्या क्वेरीला जुना प्लॅन बांधून देता येतो.

---

सदाफुली

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. वर ‘प्लॅन उचलू नका, नव्याने उभं करा’ म्हटलंय ते मान्य. पण बहुतेक अनुभवी लोक पुढचं वाक्य ‘ओला हॅलेनग्रेनच्या स्क्रिप्ट टाका’ असं म्हणतात; त्या बॅकअप आणि इंडेक्स देखभालीच्या तयार स्क्रिप्ट आहेत. स्क्रिप्ट उत्तम आहेत, मोफत आहेत, जगभर वापरल्या जातात, यात वाद नाही. पण कारखान्यात किंवा नगरपालिकेत सर्व्हर सांभाळणारा माणूस अनेकदा एकटा असतो आणि त्याच्याकडे प्रिंटर, सीसीटीव्ही, हजेरीचं मशीनसुद्धा असतं. त्याला मेन्टेनन्स प्लॅनचे चौकोन-बाण दिसतात, समजतात. २०१६ पासून रिबिल्डच्या पायरीत विस्कळीतपणाची टक्केवारी आणि पानांची संख्या यांची अट घालता येते, म्हणजे सरसकट सगळे इंडेक्स रिबिल्ड होतात ही जुनी तक्रारही उरलेली नाही. जे आपल्या माणसाला वाचता येतं ते ठेवावं.

---

रात्रपाळी

ताई, मुद्दा पटतो, पण निम्मा. चौकोन-बाण दिसतात, आतलं कनेक्शन दिसत नाही, आणि सगळा गोंधळ तिथूनच होतो. ओलाच्या स्क्रिप्ट म्हणजे साध्या स्टोअर्ड प्रोसिजर आहेत. पुढच्या वेळी सर्व्हर बदलला की तीच फाईल नव्यावर चालवायची, मागे काही राहत नाही. विस्कळीतपणा ५ टक्क्यांखाली असेल तर सोडून द्यायचं, ५ ते ३० मध्ये रिऑर्गनाइझ, ३० च्या वर रिबिल्ड, १००० पानांपेक्षा लहान इंडेक्सला हात लावायचा नाही, हे त्यात मुळातच आहे. रिबिल्ड ऑफलाइन होऊ नये असं पॅरामीटरमध्ये सांगताही येतं, हंगामासाठी तेवढंच हवं. काय केलं ते कमांडलॉग टेबलात ओळीने लिहिलेलं सापडतं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. ती फाईल चालवली की जॉब तयार होतात, पण त्यांना शेड्यूल नसतं. जॉब दिसले म्हणजे चालतील असं नाही, वेळ तुम्ही लावायची. आणि जुन्या प्लॅनने शेअरवर ठेवलेल्या फायली या स्क्रिप्ट साफ करत नाहीत, त्यांची फोल्डररचना वेगळी आहे. जुन्या फायलींचं काय करायचं ते ठरवून टाका, नाहीतर डिस्क भरेल.

---

मांडवीतीर

प्लॅनच ठेवायचा असेल त्यांच्यासाठी: फायली काढण्याच्या पायरीत एक्स्टेन्शन ‘बीएके’ एवढंच लिहायचं, आधी टिंब द्यायचं नाही. टिंब दिलं तर पायरी यशस्वी दिसते आणि एकही फाईल जात नाही. डेटाबेसनिहाय उपफोल्डर असतील तर पहिल्या पातळीचे उपफोल्डर धरायची खूणही करा.

---

गव्हाण

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्याकडे मी आणि अजून एक जण आहे. दोघांनी बसून दोन्ही पद्धती करून बघितल्या आणि स्क्रिप्टच्या बाजूने ठरवलं, मुख्यतः कमांडलॉगमुळे. आता बदलाच्या दिवशीचा क्रम काय ठेवू? लॉगिन, मेल, ऑपरेटर, जॉब, काय आधी?

---

रात्रपाळी

लॉगिन सगळ्यात आधी, आणि एसआयडीसकट, म्हणजे सर्व्हर लॉगिनला ज्या आतल्या क्रमांकाने ओळखतो त्याच्यासकट. नुसतं त्याच नावाचं लॉगिन नव्याने बनवलंत तर एसआयडी वेगळा पडतो आणि डेटाबेसमधला युजर पोरका होतो. मग डेटाबेस मेल. मग ऑपरेटर (जॉबचा निरोप ज्याला जातो तो), कारण जॉबच्या स्क्रिप्टमध्ये ऑपरेटरचं नाव असतं, तो नसेल तर स्क्रिप्ट तिथेच अडते. मग क्रेडेन्शियल आणि प्रॉक्सी, म्हणजे काही पायऱ्या ज्या वेगळ्या खात्याने चालतात त्याच्या नोंदी. त्यांचे पासवर्ड स्क्रिप्टमध्ये येत नाहीत, ते हाताशी हवेत. जॉब शेवटी. पॉवरशेलची सवय असेल तर डीबीएटूल्स हे मोफत मॉड्यूल यातलं बरंचसं करून देतं. मेन्टेनन्स प्लॅनला जोडलेले जॉब ते मुद्दाम वगळतं, तेव्हा यादीत ते दिसले नाहीत तर घाबरू नका.

जॉबचा मालक तपासा. निवृत्त साहेबांच्या लॉगिनच्या नावावर जॉब असतील आणि ते लॉगिन नव्या सर्व्हरवर नसेल, तर जॉब तयार होतानाच अडतो किंवा चालताना मालकाच्या प्रवेशावरून चूक येऊन पडतो. माणसाच्या नावावर जॉब ठेवूच नये.

कमांडच्या पायऱ्यांमध्ये प्रोग्रॅम फाइल्समधला पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तोही बघा. २००८ आर२ च्या पत्त्यात १०० नावाचं फोल्डर असतं, २०२२ च्या पत्त्यात १६०.

आणि सगळे जॉब नव्या सर्व्हरवर बंद अवस्थेत तयार करा. बदलाच्या वेळी जुन्यावर बंद, नव्यावर चालू, एकाच हाताने. दोन्हीकडे एसएमएसचा जॉब चालू राहिला तर शेतकऱ्याला एकाच बिलाचे दोन निरोप जातील आणि दुसऱ्या दिवशी गेटवर चौकशीला गर्दी.

---

सदाफुली

मेलबद्दल पुरवणी. डेटाबेस मेलचा चाचणी निरोप येतो, पण जॉब पडल्याचा निरोप येत नाही, असं पुष्कळ ठिकाणी होतं. एजंटच्या प्रॉपर्टीजमध्ये अलर्ट सिस्टिममध्ये जाऊन मेल प्रोफाइल वेगळं चालू करावं लागतं आणि त्यानंतर एजंटची सेवा पुन्हा सुरू करावी लागते. मुद्दाम पडणारा एक जॉब बनवा, शून्याने भागाकार करणारा, आणि निरोप मोबाइलवर येतो का ते बघा.

---

दूरदेशी

धागा वाचत होतो. परतीच्या वाटेबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहितो. २०२२ वर घेतलेला बॅकअप २००८ आर२ वर रिस्टोअर होत नाही, लेव्हल १०० ठेवली तरी नाही. म्हणजे नव्या सर्व्हरवर पहिली वजनपावती पडली की मागे जायचं तर त्या पावत्या हाताने घालाव्या लागतील. म्हणून बदल काटा चालू व्हायच्या आधी करा, जुना डेटाबेस रीड-ओन्ली करून ठेवा म्हणजे चुकून कुणी तिकडे नोंद करणार नाही, आणि ‘या वेळेपर्यंत अडचण आली तर मागे, त्यानंतर पुढेच’ ही वेळ व्यवस्थापनाकडून लेखी घ्या.

नव्या सर्व्हरवर डेटाबेस आला की लगेच डीबीसीसी चेकडीबी (डेटाबेस आतून धड आहे का याची तपासणी), पेज व्हेरिफाय हे बिघडलेली पानं ओळखायचं सेटिंग चेकसमवर आहे ना ते बघणं, आणि ताबडतोब फुल बॅकअप. नंतर तो बॅकअप तिसऱ्या मशीनवर रिस्टोअर. चाचणीसाठी डेव्हलपर एडिशन मोफत आहे. रिस्टोअर न करता नुसती फाईल तपासणाऱ्या व्हेरिफायओन्लीवर भागवू नका, त्याने फाईल वाचता येते एवढंच कळतं.

---

गव्हाण

बदल झाला. अजून बॉयलर पेटायचाय, म्हणजे वेळेत आहोत. बॅकअपसेटमध्ये नव्या सर्व्हरचं नाव दिसतंय, लॉग बॅकअपच्या ओळी १५-१५ मिनिटांनी पडताहेत. कालचा फुल आणि त्यानंतरचे लॉग लावून तिसऱ्या मशीनवर दुपारपर्यंतचा डेटाबेस उभा केला आणि गेल्या हंगामातल्या एका गटाची वजनं पावत्यांच्या फायलीशी जुळवली. टनामागे किलोही हलला नाही. शेअरवर मांडवीतीर म्हणाले तीच एरर ५ आली होती, कम्प्युटर खात्याला हक्क दिल्यावर गेली.

---

कोरा_कागद

अभिनंदन! माझा एक शेवटचा प्रश्न. आमच्या गावच्या पतसंस्थेत एक्स्प्रेस एडिशन आहे, तिथे एजंट दिसतच नाही. ओलाच्या स्क्रिप्ट तिथे चालतील का?

---

मांडवीतीर

चालतील. एक्स्प्रेसमध्ये एजंट नसतोच, त्यामुळे प्रोसिजर बसवायच्या आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडीने (कमांड लाइनवरून एसक्यूएल चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) त्या बोलवायच्या. कमांडला ‘-बी’ हा स्विच विसरू नका, तो रोमन लिपीतला लहान बी. तो नसेल तर बॅकअप फसला तरी टास्क शेड्युलर शून्य म्हणजे ठीक असंच दाखवतो. टास्क ‘युजर लॉगऑन असो वा नसो’ या पर्यायावर ठेवा. आणि डेटाबेसच्या आकारावर नजर असू द्या. २०२२ एक्स्प्रेसची मर्यादा प्रत्येक डेटाबेसला १० जीबी आहे, ती गाठली की नवीन नोंदी अडतात. सध्या किती झालाय, तेवढं इथे टाका, मग पुढचं बघू.